पूल ओलांडून जेवायला: चीव्हितामधली एक संध्याकाळ

(या भागाचं लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' शक्य तेवढे गाळलेत. काही उरलेत, सांभाळून घ्या.)

लोकलमध्ये लटकत ऐकत असाल तर एक हात दांडीला घट्ट ठेवा. भांडी घासताना ऐकत असाल तर नळ जरा बारीक करा, कारण आज मी नेहमीपेक्षा हळू बोलणार आहे.

आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज एका संध्याकाळची गोष्ट. इटलीतल्या एका डोंगरमाथ्यावरच्या गावात मी जेवायला गेले होते, आणि त्या जेवणाने आमच्या घरातलं एक भांडण सोडवलं. म्हणजे अर्धं सोडवलं. उरलेल्या अर्ध्याबद्दल शेवटी सांगते.

तर झालं असं. मे महिन्यात आमच्या प्रोजेक्टचं काम होतं रोममध्ये, तीन आठवडे. ऐकायला भारी वाटतं ना? प्रत्यक्षात सकाळी ऑफिस, संध्याकाळी हॉटेल, आणि मधे लॅपटॉप. दुसऱ्या शनिवारी टीममधली इटालियन सहकारी म्हणाली, "रोम काय सगळेच बघतात. तू ऑर्व्हिएतोपर्यंत ट्रेनने ये, पुढे मी गाडी आणते. तुला एक गाव दाखवते, तिथेच जेवू." ती त्याच भागातली, व्हितेर्बो जिल्ह्यातली.

रोमच्या तेर्मिनी स्टेशनवरून साधी पॅसेंजरसारखी गाडी मिळते, सव्वा तासात ऑर्व्हिएतो. तिथून गाडीने साधारण अर्धा तास. रस्ता डोंगरातून, दोन्ही बाजूंना ऑलिव्हची झाडं आणि द्राक्षांचे मळे. मग एक वळण येतं आणि समोर ते दिसतं.

डोळ्यांसमोर आणा. खोल दरी. दरीच्या मधोमध उभा सुळका. सुळक्याच्या डोक्यावर, टोपीसारखं बसवलेलं, दगडी घरांचं गाव आणि एक चर्चचा मनोरा. आजूबाजूला काही नाही, नुसती हवा. तिथे जायला एकच वाट, एक लांब, चिंचोळा पूल, फक्त पायी चालणाऱ्यांसाठी. गावाचं नाव चीव्हिता दि बान्योरेजो. इटालियन लोक त्याला 'ला चित्ता के मुओरे' म्हणतात. चित्ता म्हणजे आपला चित्ता नाही हं, चित्ता म्हणजे शहर. मरत चाललेलं शहर. बोनाव्हेंतुरा तेक्की नावाच्या लेखकाचं हे विशेषण, तो याच भागातला. ते असं चिकटलं की आता पाट्यांवरसुद्धा तेच असतं.

पुलाच्या अलीकडे ५ युरोचं तिकीट. गावात शिरायला तिकीट! २०१३ मध्ये हे सुरू झालं तेव्हा दीड युरो होतं. तिकीट काढून पुलावर पाऊल ठेवलं आणि फोन वाजला. आई.

तिथे संध्याकाळचे सहा, म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. या वेळी आई फोन करत नाही. माझ्या पोटात गोळा आला.

"आजीला काहीतरी सांग तू," आई थेट मुद्द्यावर. "माझं ऐकत नाही, काकाचं ऐकत नाही. तुझं ऐकेल."

आता थोडी पार्श्वभूमी. आमचं गाव महाड तालुक्यात, सह्याद्रीच्या उतारावर. गाव कसलं, वाडी. पंधरा-वीस घरं. नाव सांगत नाही, आजी रागावेल. आजोबा गेल्यापासून आजी तिथे एकटी राहते. वय चौऱ्याहत्तर. एक शेळी, चार कोंबड्या, परसात अळू आणि दारात तुळस. आमची वाडी दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत आहे. त्या आठवड्यात सरकारी माणसं येऊन सांगून गेली होती की पावसाळ्यात खाली पायथ्याच्या शाळेत राहायला जा. आईचं म्हणणं, शाळेत कशाला, कायमची डोंबिवलीला आण, शेळी विकून टाक. आणि आजीचं म्हणणं एकच वाक्य, "मी कुठं न्हाय जायची."

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसांचं असतंच असं. पण आमच्या तालुक्यात हा विषय हसण्यावारी नेता येत नाही. तळिये आमच्याच तालुक्यातलं. २२ जुलै २०२१. ऐंशीहून जास्त माणसं गेली. दोनच वर्षांनी, १९ जुलै २०२३ ला खालापूरजवळ इर्शाळवाडी. त्या दोन दिवसांनंतर कोकणातल्या प्रत्येक घरात पावसाचा आवाज वेगळा ऐकू येतो. आईला रात्री झोप लागत नाही, हे मला माहीत होतं.

मी म्हणाले, "उद्या बोलते तिच्याशी." आणि फोन ठेवून त्या पुलावरून चालायला लागले. डोक्यात ठरलंच होतं काय बोलायचं. 'आजी, हट्ट सोड, बॅग भर, विषय संपला.'

पूल साधारण तीनशे मीटर. पहिला भाग सोपा, शेवटचा चढ असा की पिंडऱ्या बोलायला लागतात. मधेच मागून फटफट आवाज आला. बाजूला झालो, तर भाज्यांच्या पेट्या घेऊन एक तीनचाकी गाडी वर चालली होती. मी बघतच राहिले. अहो, ती आपली आपे रिक्षा! पियाजिओची. तिकडची छोटी, पण बहीणच. सहकारी म्हणाली, आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी. १९४८ पासून बनते. मी तिला सांगितलं की पियाजिओचा कारखाना आमच्याकडे बारामतीला आहे आणि आमच्या वाडीच्या पायथ्यापर्यंत हीच मधमाशी जाते, आठ जणांची बसायची जागा, चौदा जण बसून. तिला ते खोटं वाटलं. (हसते) पर्यटकांना गाडी नेता येत नाही, पण गावातल्या लोकांच्या स्कूटर आणि हे आपे पुलावरून जातात. किराणा, गॅस, वाइन, सगळं असंच वर येतं.

हा पूल १९६५ चा. पण गाव अडीच हजार वर्षांपूर्वीचं, एत्रुस्कन लोकांनी वसवलेलं, म्हणजे रोमन साम्राज्याच्याही आधीचं. वेशीत शिरताना दोन्ही बाजूंना दगडी सिंह आहेत, त्यांच्या पंजांत माणसांची डोकी. आत गेलं की लगेच एका जुन्या वाड्याची दर्शनी भिंत दिसते. सुंदर खिडक्या. पण खिडकीतून बघितलं तर आत खोली नाही. आकाश. मागचा अख्खा वाडा दरीत गेलाय, फक्त पुढची भिंत उरलीय.

मी तिथे थांबले आणि मला आमच्या घराची पडवी आठवली. नकोच होतं आठवायला.

आता असं का होतं, ते सांगते, कारण तिथे चक्क एक भूगर्भाचं आणि दरडींचं म्युझियम आहे, २०१२ मध्ये उघडलेलं. बंद व्हायच्या आधी आम्हाला वीसेक मिनिटं मिळाली. प्रकार असा. गाव ज्यावर उभं आहे तो वरचा थर आहे ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या दगडाचा, त्याला 'तुफो' म्हणतात. त्याच्या खाली आहे समुद्रतळाची जुनी चिकणमाती. दोन्ही बाजूंनी दोन ओढे वाहतात, एकाचं नाव स्वच्छ ओढा, दुसऱ्याचं गढूळ ओढा. ओढे आणि पाऊस खालची माती खात राहतात. पाया गेला की वरच्या दगडाला उभ्या भेगा पडतात आणि कडेचा तुकडा, त्यावरच्या घरासकट, खाली.

आपल्या भाषेत सांगू? वर चकाचक ॲप आणि खाली वीस वर्षांपूर्वीचा कोड, ज्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही.

१६९५ मध्ये मोठा भूकंप झाला. त्यानंतर गावाचा कारभार आणि बिशपची गादी, दोन्ही पलीकडच्या डोंगरावर, बान्योरेजोला गेली. माणसंही हळूहळू गेली. तेराव्या शतकातले संत बोनाव्हेंतुरा इथले, त्यांचं जन्मघरसुद्धा दरीत गेलं. आता उरलाय तो माथा साधारण दीडशे मीटर लांब आणि नव्वद मीटर रुंद. आपल्याकडची एखादी सोसायटी याहून मोठी असते. कायमचे राहणारे, दहा-बारा माणसं. आणि मांजरं. मांजरं भरपूर. कडा टिकावा म्हणून दगडात पोलादी सळ्या घालून बांधलंय, हालचालीवर लक्ष ठेवणारी उपकरणं आहेत.

सात वाजून गेले. दिवसभराचे पर्यटक सेल्फी काढून परतले आणि गाव एकदम रिकामं झालं. मेच्या शेवटी तिथे साडेआठच्या पुढे सूर्य मावळतो. भिंतींवर पिवळा उजेड, खिडक्यांत जिरेनियमच्या कुंड्या, चौकात डांबर नाही, फरशी नाही, नुसती दाबलेली माती आणि खडी. याच चौकात वर्षातून दोनदा गाढवांची शर्यत होते. चर्चच्या पायरीवर मी बसले. पाकोळ्यांचा आवाज आणि लांब कुठेतरी कुत्रा. बाकी काही नाही.

मग जेवण. एका गल्लीत छोटं घरगुती हॉटेल. अर्धी खोली दगडात कोरलेली, पाच-सहा टेबलं, कोपऱ्यात लाकडाची चूल. मालकीणबाई साठीच्या पुढच्या, कमरेला एप्रन, आवाज खणखणीत. मेन्यू वगैरे वाचू देतच नव्हत्या, 'हे खा' म्हणून सांगत होत्या. माझ्या आजीसारखंच.

आधी ब्रुस्केत्ता. विस्तवावर भाजलेला पाव, त्यावर लसणाची पाकळी घासायची आणि वरून ऑलिव्हचं तेल. तेल असं ओतलं, जसं आपल्याकडे गरम भातावर तूप. मग आला आक्वाकोत्ता. शब्दशः अर्थ, शिजवलेलं पाणी. शेतावरच्या गरीब माणसांचं जेवण. रानातली पालेभाजी, बटाटा, कांदा, टोमॅटो पाण्यात उकळायचं, त्यातच अंडं फोडून शिजवायचं आणि ते सगळं ताटात शिळ्या पावाच्या तुकड्यांवर ओतायचं. पहिला घास घेतला आणि मी हसायला लागले. सहकारीने विचारलं काय झालं. मी म्हटलं, माझी आजी शिळी भाकरी अशीच कुस्करते, फक्त ताकात किंवा आमटीत. शिळं टाकायचं नाही, हा नियम तिकडेही तोच. तिने ते मालकीणबाईंना सांगितलं. बाई खूश. आणखी एक पळी वाढली, न विचारता.

त्यानंतर हाताने वळलेल्या जाडसर शेवया, तिथलं नाव लोम्ब्रिकेल्ली, लसूण-टोमॅटोच्या रस्स्यात. आणि शेवटी तोझेत्ती, त्या भागातल्या हेझलनटची कडक बिस्किटं. हे सगळं निवांत, दोन तास. मधे कोणी बिल आणून ठेवत नाही, उठा म्हणत नाही.

जेवण झाल्यावर बाई खुर्ची ओढून आमच्यापाशी बसल्या. आणि मी एक मूर्खपणा केला. मी सहकारीला म्हटलं, विचार त्यांना, या मरत चाललेल्या गावात राहायची भीती नाही वाटत?

तिने भाषांतर केलं. बाईंचा चेहरा बदलला. मग म्हणाल्या, "मरतंय मरतंय म्हणत तुम्ही सगळे जेवायला मात्र इथेच येता."

मी गप्प. काय बोलणार? मग त्याच हसल्या आणि सांगायला लागल्या. सहकारी एकेक वाक्य मला सांगत होती. त्यांचा जन्म याच गावातला. त्या लहान असताना घराच्या मागच्या भिंतीला भेग पडली. हात जाईल एवढी. आईने एका रात्रीत निर्णय घेतला आणि पलीकडे, बान्योरेजोला दोन खोल्या घेतल्या. आजोबा म्हणाले, मी येणार नाही. घरात सहा महिने भांडण.

"मग?" मी विचारलं.

"मग आई म्हणाली, घर सोडायचं नाही. फक्त झोपायची जागा बदलायची."

आजोबा रात्री पलीकडे झोपायचे आणि पहाटे पूल ओलांडून परत यायचे. कोंबड्यांना दाणे, बाग, चौकात मित्रांबरोबर पत्ते. बाई स्वतः आजही तेच करतात. सकाळी येतात, चूल पेटवतात, रात्री भांडी आवरून पलीकडे जातात. "मी इथे राहते का? कागदावर नाही," म्हणाल्या. "पण मला विचारलं तू कुठली, तर मी इथली."

मी पाणी प्यायले. उगाचच. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं म्हणा.

मला कळलं की आमच्या घरातल्या भांडणात दोनच पर्याय होते. आई म्हणते कायमची नीघ, आजी म्हणते मुळीच नाही. आणि 'नीघ' या शब्दात आजीला काय ऐकू येत होतं? की एकदा गेलो तर दार बंद, तुळस वाळणार, आणि वाडीत आपलं नाव घेणारं कोणी राहणार नाही. तिला दरडीची भीती नव्हती असं नाही. तिला त्याहून मोठी भीती दुसरी होती. आणि आम्ही कोणी तिला ती विचारलीच नव्हती.

रात्री दहाला आम्ही परत पुलावर. मागे वळून बघितलं, गावात मोजून दहा-पंधरा दिवे. आमच्या मागून मालकीणबाईही पूल उतरत होत्या, हातात पिशवी, झोपायला पलीकडे.

आता, मी इंजिनिअर आहे. परतीच्या प्रवासात मी मनात प्लॅनही केला, की आजी दिवसा वाडीत, रात्री शाळेत. मस्त. आणि मग माझ्याच लक्षात आलं की हे चुकीचं आहे. तळियेची दरड रात्री नव्हती आली, संध्याकाळी आली होती, उजेडात. आणि चीव्हिता आणि आमची वाडी यांचं दुखणंही वेगळं. तिथे वर कठीण दगड आणि खाली मऊ माती, कडा शतकानुशतकं तुकड्यातुकड्याने पडतो, आधी भेगा दिसतात. आमच्याकडे उलटं. खाली काळा कठीण कातळ आणि वर मऊ मातीचा थर. दोन-तीन दिवस मुसळधार पाऊस पडला की ती माती पाणी पिऊन जड होते, कातळावरची पकड सुटते आणि मिनिटाभरात सगळं खाली. तिथली कल्पना घ्यायची, पण जशीच्या तशी नाही. कॉपी-पेस्ट करून कोड चालत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.

रविवारी सकाळी हॉटेलमधून आजीला फोन केला. समजावलं नाही. आधी जेवणाची गोष्ट सांगितली. शिजवलेलं पाणी आणि शिळा पाव ऐकून म्हणाली, "एवढ्या लांब जाऊन कुस्कराच खाल्लास व्हय, बाय?" मग कोंबड्यावाल्या आजोबांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "आन् शेळी?"

शेळी! म्हणजे बोलणी सुरू झाली.

ठरलं ते असं. घर बंद करायचं नाही, शेळी विकायची नाही. पण हवामान खात्याने रायगडला ऑरेंज किंवा रेड अलर्ट दिला की दिवस असो, रात्र असो, आजी खाली. शेळीसकट. शाळेत शेळी चालेना, म्हणून पायथ्याला आत्याच्या नणंदेच्या पडवीत दोघींची सोय. आणि अलर्ट नसला, पण दिवसभर पाऊस थांबलाच नाही, तरी खाली.

मी हुशारी करून एक छोटा प्रोग्राम लिहिला, अलर्ट आला की आजीच्या फोनवर मेसेज. आजीला मेसेज वाचता येत नाही. (हसते) बी.टेक.! शेवटी मेसेज जातो शेजारच्या अकरावीतल्या मुलाला, आणि तो अंगणातून ओरडतो, "आजी, चला!" हीच आमची सिस्टीम. आणि चालली. वाडीतली आणखी चार घरं त्याच्या ओरडण्यावर उतरायला लागली.

हा भाग मी ऑक्टोबरमध्ये रेकॉर्ड करतेय. या पावसाळ्यात आजी अकरा वेळा खाली उतरली. दरड पडली नाही.

आणि हेच ते उरलेलं अर्धं भांडण. कारण परवा आजी म्हणाली, "अकरा येळा गेले, काय झालं? काय न्हाय. पुढल्या वर्सी न्हाय जायची." तिला कसं सांगू की काही झालं नाही म्हणून जाणं वाया गेलं नाही? आपण रोज बॅकअप घेतो, सर्व्हर रोज थोडाच बंद पडतो? पण चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईने शेळीचं दावं धरून, पावसात, निसरड्या पायवाटेवरून अकरा वेळा उतरायचं, हे मी खुर्चीत बसून बोलणं सोपं आहे. तिच्या गुडघ्यांना विचारा.

आणि एक गोष्ट खटकते, ती बोलून टाकते. चीव्हिताला पूल आहे, पोलादी सळ्या आहेत, म्युझियम आहे, कारण लाखो लोक ५ युरो देऊन ते बघायला येतात. आमच्या वाडीला कोण तिकीट काढून येणार? आमच्याकडे खाली उतरायला धड पायऱ्या नाहीत. तर या दिवाळीत मी आणि काका आधी तेच करणार आहोत. वाडीपासून रस्त्यापर्यंत पायऱ्या आणि एका बाजूला हाताला धरायला पाइप. ग्रामपंचायतीशी बोलणं झालंय, वाडीतली पोरं श्रमदान करणार आहेत. तीनशे मीटरचा पूल नाही बांधता येणार. चाळीस-पन्नास पायऱ्या बांधता येतील.

तुमचंही गाव असं उतारावर असेल, तिथे कोणी एकटं राहत असेल, तर या आठवड्यात एक फोन करा. 'कधी येतेस इकडे?' असं विचारू नका. 'तिथून निघायचं म्हटलं तर तुला सगळ्यात जास्त कशाची काळजी वाटते?' एवढंच विचारा. आणि उत्तर 'शेळी' आलं तर हसू नका.

चला, थांबते. पुढच्या भागात परत लॅपटॉप, कोड, नोकरी वगैरे. आजी हा भाग ऐकणार आहे, शेजारचा मुलगा लावून देतो तिला. आजी, पायऱ्या झाल्या की पुढच्या वर्षी बारावी वेळ. बघ काय ते.

भेटू पुढच्या शनिवारी. काळजी घ्या.